पिकदाणीची साक्ष

नाशिकच्या एका हॉटेलात दक्षिण फ्रान्सची दमदार लाल वाईन आली. तिच्या जोडीला कोणता पदार्थ शोभेल, हे ठरवायला वाईनपारखी चौबळसाहेबांना बोलावलं. घोट चाखून थुंकायची त्यांची रीत, म्हणून शेजारी पिकदाणी ठेवली होती.

पाच पदार्थ झाल्यावर हॉटेलच्या स्वयंपाकीण गांगुर्डेबाईंचं काळ्या मसाल्याचं मटण आलं. साहेबांनी घास खाल्ला, वर घोट घेतला आणि मालकाला म्हणाले, "जोडी जमत नाही. असलं गावठी मटण बंद करा आणि स्वयंपाकीणही बदला."

बाई हात पुसत म्हणाल्या, "साहेब, आतापर्यंतचे सगळे घोट पिकदाणीत आहेत. माझ्या मटणावरचा तेवढा पोटात गेला."

साहेबांनी पिकदाणीत डोकावून पाहिलं आणि ताट पुढं केलं. "नळी असेल तर वाढा," ते म्हणाले, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.