वळायची जागा

सागाच्या एका रानात, ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, एक म्हातारं साळिंदर आपल्या साळिंदरिणीबरोबर राहत असे. मुलांनो, साळिंदराच्या अंगावरचे काटे तुम्ही चित्रात पाहिले असतील. या साळिंदराची गोष्ट जरा वेगळी होती. मनात शंका आली की त्याचे काटे आपोआप खुळखुळत. आणि शंका तर त्याला उठता-बसता येत. ते येत असल्याचं सगळ्या रानाला आधीच कळे, आणि सगळं रान हसे.

उतारावर त्याचा रताळ्यांचा मळा होता. मळा कसला, एक चिंचोळी पट्टी! वरच्या टोकाला बांबूचं बेट, खालच्या टोकाला घाणेरीची दाट जाळी. इतकी वर्षं साळिंदराने ती पट्टी नखांनी उकरली होती. आता नखं झिजून बोथट झाली होती. त्या साली जमिनीतली ओल संपायला आठच दिवस उरले, तरी अर्धी पट्टीसुद्धा उकरून झाली नव्हती. वेल लावले नाहीत तर उन्हाळ्यात दोघांनी खायचं काय?

"अहो, आता एक छोटा ट्रॅक्टर घ्याच," साळिंदरीण म्हणाली. "नखं काय परत उगवणार आहेत?"

"घेतो. पण चुकीचा घेतला तर?" साळिंदर म्हणालं, आणि काटे खुळखुळले.

"म्हणून तर ही न्या." तिने गुळवेलीची एक दोरी त्याच्या हातात दिली. "पट्टीच्या शेवटापासून घाणेरीपर्यंतची जागा मी मोजून ठेवलीय. एवढ्यात जो वळेल तो आपला. ट्रॅक्टर विकणारा तो कोल्हा बाकी काय वाटेल ते सांगेल."

शेजारीच, एक बांध सोडून, रानडुकराची पट्टी होती. अगदी जुळी बहीण शोभेल अशी. रानडुक्कर मोठं हौशी. येता-जाता ओरडायचं, "काय आजोबा, नांगरताय की जमिनीची पाठ खाजवताय?" नुकत्याच झालेल्या दसऱ्याला त्याने झेंडूच्या माळा घालून लालभडक ट्रॅक्टर आणायचं ठरवलं होतं. साळिंदर आणि साळिंदरीण त्या दिवशी पाहुणे म्हणून परगावी गेली होती. परत येऊन पाहतात तो रानडुक्कर नाही, ट्रॅक्टर नाही. त्याच्या पट्टीत नांगराचा एकच तास तेवढा ओढलेला. वरून निघालेली ती सरळ रेघ खाली घाणेरीत शिरली होती.

"ते डोंगरापलीकडे गेलं, मोठ्या जमिनीवर," कोल्ह्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

साळिंदरानेही डोलावली. पण तेव्हापासून भर दुपारी, पानही हलत नसताना, त्या रिकाम्या पट्टीतून इंजिनाचा आवाज येई. धग्‌ धग्‌ धग्‌. आवाज वरून खाली जाई आणि थांबे. थोड्या वेळाने पुन्हा वरूनच सुरू होई. तो खालून वर येताना कधीच ऐकू येत नसे. साळिंदर बांधावर उभं राहून बघे, तर समोर नुसतं ऊन. 'वयाने कान वाजत असतील,' असं स्वतःला बजावून ते घरी येई. साळिंदरिणीला मात्र त्याने विचारलं नाही. तिलाही आवाज येतो असं ती म्हणाली असती तर?

कोल्ह्याचं आवार ओढ्यापलीकडे होतं. तिथे झाडं होती, पण झाडांवर पाखरू नव्हतं. साळिंदर पोचलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एका कोपऱ्यात बुटका, अरुंद, निळा ट्रॅक्टर उभा होता. मधोमध मोठा लाल. त्याचा रंग इतका ताजा होता की हात लावला तर बोटाला लागेल असं वाटे.

"या, या आजोबा! काटे वाजले तेव्हाच ओळखलं," कोल्हा म्हणाला. "तो निळा बघू नका. खेळणं आहे ते. हा लाल बघा. काय ताकद आहे! उतार म्हणू नका, दगड म्हणू नका, नुसता पुढे जातो."

साळिंदराने हळूच दोरी बाहेर काढली. "हा वळायला किती जागा घेतो?"

कोल्हा पोट धरून हसला. "वळायला? आजोबा, ट्रॅक्टर पुढे जायला घेतात, वळायला नव्हे!"

साळिंदर ओशाळलं. आपला प्रश्न खरंच खुळ्यासारखा असणार, असं त्याला वाटलं. त्याने दोरी काट्यांत लपवली. लाल ट्रॅक्टरवर चढताना त्याला सीटच्या भेगेत दोन-तीन राठ, काळे केस दिसले. चाकाच्या आतल्या बाजूला हिरवं शेवाळ होतं आणि त्यात पाण्यातली एक इवलीशी गोगलगाय सुकून चिकटली होती.

"हा पाण्यात होता का?"

"पावसात उभा होता," कोल्हा झटकन म्हणाला.

"मग... आपली रीत आहे ना, आधी आपल्या जमिनीत एक तास ओढून बघायचा?"

"न्या की! चालवून बघा." कोल्हा दोन पावलं मागे सरकला. "मी मात्र येत नाही हं. तुमच्या उतारावरची दुपार मला सोसत नाही."

त्या रानात नवं अवजार जमिनीत घालण्याआधी मालकाने पट्टीच्या टोकापर्यंत पायी जाऊन यायचं, अशीही एक रीत होती. साळिंदर तीच मनात घोळवत ट्रॅक्टर चालवत होतं. बांबूच्या बेटाशी दोन वाटा फुटत होत्या, एक त्याच्या पट्टीची आणि एक रानडुकराची. साळिंदराने हातातलं चाक आपल्या बाजूला वळवलं. ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला वळला. साळिंदराने जोर लावला, पण चाकाला जणू पलीकडून कोणीतरी धरलं होतं. घाबरून त्याने किल्ली फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद पडलं. पुढची चाकं रानडुकराच्या त्या एकुलत्या तासावर बरोबर येऊन थांबली होती.

पळून जावं असं त्याला वाटलं. पण आपण नेहमीच पळतो, असंही वाटलं. एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात दोरी घेऊन ते त्या तासातून खाली चालू लागलं. काटे इतके वाजत होते की दुसरं काही ऐकूच येईना. घाणेरीच्या फांद्या मोडलेल्या होत्या. त्याने त्या बाजूला केल्या.

आत विहीर होती. जुनी, रुंद, कठडा नसलेली. तास थेट तिच्या काठापर्यंत गेला होता आणि काठाची माती ढासळलेली होती. खाली काळं, स्वस्थ पाणी. पाण्यावर झेंडूच्या कुजलेल्या माळेचा एक तुकडा तरंगत होता.

साळिंदराने दोरी जमिनीवर टाकली. मोडलेल्या घाणेरीपासून विहिरीच्या काठापर्यंत ती जेमतेम पुरली. वर उभा असलेला तो लाल ट्रॅक्टर अशा तीन दोऱ्यांतसुद्धा वळला नसता.

तेवढ्यात मागे आवाज आला. धग्‌ धग्‌ धग्‌.

साळिंदराने मुठीकडे पाहिलं. किल्ली मुठीतच होती. ट्रॅक्टर त्याच तासातून, सावकाश, त्याच्याकडे येत होता. सीटवर कोणी नव्हतं. पण सीट दबलेली होती. मागे विहीर, पुढे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना घाणेरीचे काटे. मग एकाएकी साळिंदराला वाटलं, पुढे विहीर आहे हे या रानडुकराला कोणी सांगितलंच नाही. इतके दिवस हे रोज वरून निघतं, रोज इथवर येतं, आणि याला कोणी सांगतच नाही.

दोन्ही हात वर करून ते ओरडलं, "अरे बाळा, थांब! इथे वळायला जागा नाही रे!"

इंजिन थांबलं. ट्रॅक्टरचं नाक त्याच्या काट्यांच्या टोकांशी होतं. दबलेली सीट हळूहळू वर आली.

साळिंदर पायीच कोल्ह्याकडे गेलं. किल्ली समोर टाकून म्हणालं, "रानडुक्कर विहिरीत आहे."

कोल्ह्याने किल्ली उचलून नीट पुसली. "ठाऊक आहे. गव्यांची जोडी लावून दोरखंडाने ट्रॅक्टर काढला. रानडुक्कर काही निघालं नाही."

"मग ते डोंगरापलीकडे गेलं असं का सांगितलंस?"

"खरं का, असं विचारलं कोणी, आजोबा?" कोल्हा शांतपणे म्हणाला.

साळिंदराने सगळ्यांदेखत दोरी आवारात पसरली आणि निळा ट्रॅक्टर तिच्या लांबीत वळतो का ते पाहिलं. बघायला जमलेले ससे हसले, माकडं हसली. काटे खुळखुळतच होते. निळा ट्रॅक्टर दोरीच्या आत वळला, वर वीतभर दोरी उरली. साळिंदराने तोच घेतला. त्याच्याबदल्यात पुढच्या हंगामातली रताळी द्यायची, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ते आधी पायी खालच्या टोकापर्यंत जाऊन आलं, मग नांगरायला बसलं. ट्रॅक्टर खाली गेला, घाणेरीला न घासता वळला आणि वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. ओल जायच्या आत वेल लागले. दुपारी साळिंदर बांधावर थांबून कान देऊन ऐकत राहिलं. पलीकडच्या पट्टीत आता काहीच वाजत नव्हतं.

काम संपल्यावर साळिंदरीण कोयता घेऊन आली. "एवढी जाळी कशाला ठेवायची? तोडून टाकू." तिने पहिल्याच फांद्या तोडल्या, आणि तिचा हात तिथेच थांबला.

जाळीच्या आत जमीन नव्हती. त्या रुंद विहिरीचा दुसरा काठ होता.

दोघं कितीतरी वेळ एकमेकांना धरून उभी राहिली. मग उतारावरचे दगड गोळा करून त्यांनी विहिरीभोवती कठडा रचायला घेतला. पहिला दगड साळिंदराने रानडुकराच्या बाजूला ठेवला.

तात्पर्य : यंत्र किती जोराने पुढे जातं हे पाहण्याआधी, आपली जमीन कुठे संपते आणि तिथे ते वळतं का, हे पाहावं; आणि लोक हसतील म्हणून मनातला प्रश्न कधी गिळू नये.