नमतं न घेणारी डोलकाठी

एका राज्यात एक राजा होता, चंद्रकेतू त्याचं नाव. त्याच्या पदरी एक जादूगार होता, डंबरनाथ. नदीच्या पुलावर एक राखणदार होता, धाकोजी. त्याची बायको सगुणा, भरल्या दिवसांची. आणि पुलाच्या कमानीत एक साळुंकी राही; ऐकलं ते ज्याच्या त्याच्या आवाजात बोले.

पूल बुटका. गलबत आलं की धाकोजी वरून हाळी देई, "नमतं घ्याऽऽ!" मग खलाशी डोलकाठी आडवी पाडत आणि गलबत कमानीखालून सरके. धनी कुणी का असेना, पुलापुढे नमतं घ्यायचं, हीच तिथली रीत.

एके दिवशी डंबरनाथाचं गलबत आलं. पोटात लोकांना लुबाडून आणलेलं, शाप लागलेलं सोनं, माथ्यावर राजाचं निशाण. धाकोजीनं हाळी दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा घसा फाटेस्तोवर दिली. डोलकाठी ताठच! कडाडकन कमानीवर आदळली. पूल कोसळला, गलबत बुडालं. बाजार, वैद्य, सुईण सारं पलीकडच्या काठाला राहिलं.

राजा म्हणाला, "पुलाचा खर्च कुणी द्यावा?"

डंबरनाथ म्हणाला, "पूल रयतेचा. रयतेनं द्यावा."

बायकांनी हातातल्या पाटल्या दिल्या. एक म्हातारी बोललीच, "गलबत त्याचं बुडालं, आणि नाक आमचं दाबतात!" खांब उभा राहिला. सांजेला नदीनं तो गिळला.

डंबरनाथ म्हणाला, "मग राखणदारानं द्यावा. हाळी त्याची कमी पडली."

धाकोजीचं घर गेलं, गाय गेली. खांब उभा राहिला. सांजेला नदीनं तोही गिळला.

डंबरनाथ म्हणाला, "नदीला आता माणूस हवा. राखणदाराला खांबात चिणा."

राजा गप्प राहिला. तोच हुकूम झाला.

धाकोजीला उभा करून गवंडी दगड रचू लागले. दगड गुडघ्याला लागले.

"वहिनी, आम्ही हुकमाचे ताबेदार," गवंडी म्हणाला.

"ताबेदारांनो, जरा सावकाश तरी रचा!" सगुणा म्हणाली, आणि पोट सावरत मोडक्या कमानीकडे धावली.

"साळुंकीबाई, तुझं घरटं पडलं, माझा संसार चिणला जातोय. त्या दिवशी गलबतावर कोण काय बोललं?"

"सांगेन. पण राजाच्या तोंडावर सांगेन."

सगुणानं तिला पदरात घेतलं. परत आली तो दगड छातीला लागलेले. राजा उंच मचाणावर बसलेला. साळुंकी खलाशाच्या आवाजात बोलली, "धनी, हाळी आली. डोलकाठी पाडू?" मग डंबरनाथाच्या आवाजात बोलली, "खबरदार! महाराजांनी बजावलंय, 'माझं निशाण कुणापुढे झुकवायचं नाही.'"

"पाखराचं काय ऐकता, महाराज!" डंबरनाथ ओरडला.

सगुणा म्हणाली, "महाराज, ते बोल पाखराचे की तुमचे?"

दगड गळ्याशी आले. धाकोजीनं डोळे मिटले.

"माझे," राजा म्हणाला.

तशी नदी बोलली, "नमतं घेतलं नाही, त्यानं भरावं."

राजा मचाणावरून उतरला. डोईचा मंदिल काढला, वाकला, आणि आपल्या हातांनी एकेक दगड बाजूला केला. "पूल माझ्या खजिन्यातून होईल, आणि गलबताच्या सोन्यातून. रयतेचं रयतेला परत."

त्यासरशी सोनं पाण्यावर आलं. त्याचा शाप उतरला.

"मी नाही वाकायचा!" डंबरनाथ म्हणाला. म्हणता म्हणता त्याचे पाय लाकूड झाले, मान लाकूड झाली. त्याची डोलकाठी झाली. खलाशांनी ती एका होडीवर चढवली. धाकोजीची हाळी आली की ती मुकाट आडवी होते.

खांब टिकला, पूल झाला. सुईण पुलावरून वेळेवर आली आणि सगुणाला मुलगी झाली. राजानं नवं घर बांधून दिलं. विचारलं, "बाई, दार केवढं उंच ठेवू?"

"महाराज, वाकून आत यावं लागेल एवढंच."

बारशाला राजा आला. दाराशी थांबला. आतून धाकोजीनं हाळी दिली, "नमतं घ्याऽऽ!" राजा हसला, वाकला, आत आला. पाळणा हलला, गाय हंबरली, घर भरलं. त्यांच्या दारी सुख असं वाकून आलं, तसं तुमच्याही दारी येवो.