लाउंजमधली मधुकरी

"मग अन्नछत्राचा कारभार देणार तरी कुणाला? माझ्याखेरीज आहे कोण, बुवा?"

इंदुमतीबाईंनी हा प्रश्न मठात विचारला होता, गाडीत विचारला होता, आणि आता मुंबईच्या विमानतळावर, बिझनेस क्लासच्या लाउंजमधल्या मऊ सोफ्यावर टेकल्या टेकल्या पुन्हा विचारला. काशीला सगळ्या मठांचा मेळा होता. तिथं मठाचे प्रमुख नरहरबुवा अन्नछत्राच्या नव्या कारभाऱ्याचं नाव सांगणार होते. विमान सुटायच्या आत बाईंना उत्तर हवं होतं.

सोफा सोडून बुवा खाली गालिच्यावर मांडी घालून बसले होते.

"इतकी वर्षं दर गुरुवारी स्वतःच्या हातानं वाढतेय. तांदूळ आमच्या घरचा, तूप आमच्या घरचं. कुणाला नाव ठेवायला जागा ठेवली नाही."

"भूक लागलीय," बुवा म्हणाले.

बाईंना हायसं वाटलं. निदान तोंड तरी उघडलं.

"मग उठा की. ते बघा तिकडे, इडली आहे, पोहे आहेत, फळं आहेत. हवं तेवढं घ्यायचं. इथं कुणी विचारत नाही. मागावंसुद्धा लागत नाही."

"तीच तर पंचाईत."

आणि बाईंना एकदम आठवलं.

बुवांचा नेम. पाच घरी मधुकरी मागायची, जे झोळीत पडेल ते एकत्र कालवायचं आणि तेवढंच खायचं. तापात असतानाही तो नेम त्यांनी मोडला नव्हता. आज निघायच्या गडबडीत मधुकरी राहिली होती, आणि लाउंजमध्ये सगळं मिळतं म्हणून बाई निर्धास्त होत्या.

"मी आणते ना वाढून," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

"आण. ते एक घर झालं. अजून चार."

"चार... म्हणजे?"

बुवांनी खांद्यावरची भगवी झोळी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

थट्टा करताहेत, असं बाईंना वाटलं. त्यांनी बुवांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"बुवा, ही काय मागायची जागा आहे? सगळी मोठी माणसं बसलीत. कुणी ओळखीचं निघालं तर?"

"बरं. राहू दे. मीच जातो."

बुवा जमिनीवर हात टेकून उठायला लागले. दुखरा गुडघा धरून ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं मात्र, बाई झोळी घेऊन ताडकन उठल्या.

पहिल्या टेबलाशी कोट घातलेले एक गृहस्थ लॅपटॉपवर काम करत होते. बाईंनी पदर सावरला.

"जरा... थोडं काही खायला घालता का?"

गृहस्थांनी कानातला इअरफोन काढला. "तिकडे काउंटरवर आहे की सगळं. फुकट आहे."

"ठाऊक आहे. तुमच्या हातचं हवंय. उष्टं नको."

त्यांनी बाईंच्या पैठणीकडे पाहिलं. मग झोळीकडे पाहिलं. ताटलीतली न मोडलेली इडली उचलून आत टाकली आणि इअरफोन पुन्हा कानात घातला.

पुढच्या सोफ्यावरच्या जाडजूड आजीबाईंनी बाईंचा हातच धरला. "अगं, बरी आहेस ना तू? बरोबर कोण आहे तुझ्या? सुनेनं एकटीला बसवलंय का विमानात?" आजीबाईंनी डब्यातला वडा कागदी रुमालात बांधून दिला आणि म्हणाल्या, "खा हो आधी. रिकाम्या पोटी असं होतं माणसाचं."

तिसऱ्या टेबलावरच्या मुलीनं फोनवरची नजर न काढता एक केळं पुढं केलं.

चौथे गृहस्थ मात्र एकदम खूश झाले. "वा, मधुकरी? अजून आहे हे? आमचे आजोबा सांगायचे." त्यांनी बिस्किटांची अख्खी बशी झोळीत रिकामी केली आणि खिशातून फोन काढला.

"थांबा हं ताई. जरा झोळी वर धरा. चेहरा दिसू दे."

बाई जागच्या जागी थिजल्या.

जरा ताट वर धरा. चेहरा दिसू दे. दर गुरुवारी पंगत बसली की त्या स्वतः हेच म्हणायच्या, मठाच्या ट्रस्टच्या कॅलेंडरसाठी, देणगीदारांना पाठवण्यासाठी. इतक्याच गोड आवाजात म्हणायच्या.

आणि त्यांच्या हातांनी झोळी वर धरली. त्या हसल्यासुद्धा.

त्या परत फिरल्या. काउंटरवरून त्यांनी पोहे वाढून घेतले, बुवांपुढे ठेवले, आणि सोफ्यावर न बसता खालीच बसल्या. बुवांनी इडली, वडा, केळं, बिस्किटं, पोहे, सगळं जवळच्या कटोऱ्यात कालवलं आणि खायला सुरुवात केली.

"त्या माणसानं माझा फोटो काढला."

"तू काय केलंस?"

"हसले..."

बुवा खात राहिले.

"का हसले मी, बुवा? मला तर रडू येत होतं."

काशीच्या विमानाची सूचना झाली. आजूबाजूची माणसं बॅगा ओढत उठली. बाई उठल्या नाहीत.

"आमच्या पंगतीतही सगळे हसतात, बुवा. एकूण एक माणूस हसतो. मला वाटायचं, पोट भरलं म्हणून हसतात."

बुवा कटोऱ्यातला शेवटचा घास गोळा करत होते.

बाई म्हणाल्या, "कारभार दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला आता कुणाच्या ताटात वाढायची लाज वाटेल."

बुवांनी घास संपवला. बोटं पुसली. पहिल्यांदाच बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"वाढायची लाज वाटणारं माणूस मिळेना, म्हणून तर इतकी वर्षं थांबलो होतो."