अनवाणी माणसाची सोबत

फार वर्षांमागं, आमच्या निमसरीला अजून गाडीरस्ता नव्हता आणि फौजदार घोड्यावर बसून यायचा, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची असेल तर नीट मांडी घालून बसा. ही शौर्याची गोष्ट नाही. आमच्या गावाला खाली बघायला लावणारी आहे, म्हणून आम्ही ती खाली बघूनच सांगतो.

त्या काळी निमसरीत रखमाजी जमादार म्हणून एक माणूस होऊन गेला. तो पोलिसात होता आणि चोराचा माग काढावा तर त्यानंच. असं म्हणतात, की मातीतलं पाऊल बघून तो माणसाचं वय सांगायचा, डोक्यावरचं ओझं सांगायचा, पोटात अन्न आहे की नाही तेसुद्धा सांगायचा. असंही म्हणतात, की नदी उतरून पळालेल्या एका चोराचा माग त्यानं चक्क पाण्यावरून काढला. आता पाण्यावर माग कसा राहतो ते मला विचारू नका, मी काही तिथं नव्हते.

नोकरी संपली तसा तो गावात येऊन राहिला आणि सगळ्या गावाचा आजा झाला. त्याची स्वतःची नात एकच, ठकू नावाची, पण अंगणात गावभरची पोरं पडलेली असायची. कुणाचं कोकरू हरवलं, कुणाचं पोर रुसून रानात गेलं, की लोक आजाकडे धावायचे. आजा वाकून मातीकडे बघायचा, हूं म्हणायचा आणि चालायला लागायचा. हरवलेलं घेऊनच परत यायचा. ठकूला तर वाटायचं, आपल्या आजासारखा आजा पृथ्वीवर दुसरा नाही, आणि आजालाही तिला तसं वाटणं फार आवडायचं.

एकदा पौषातल्या मंगळवारी आजा ओसरीवर बसल्या बसल्या पेंगला. जागा झाला तर नुकत्याच सारवलेल्या अंगणात पावलं उमटलेली. त्यानं सुनेला हाक मारली.

"कासाराची कोंडाबाई आलती का गं? न बोलताच गेली?"

"न्हाई मामंजी, कोण बी आलं न्हाई."

"आली कशी न्हाई? डाव्या टाचंला झिजलेली चप्पल साऱ्या गावात तिचीच हाय."

तेवढ्यात ठकू ओठ दाबून हसत दारात आली. "आजा, मीच आले की. देवळात माझ्या चपला कुणीतरी घालून गेलं. मग पायरीवर उरल्या व्हत्या त्या म्या घातल्या."

पोरं खो खो हसली. वय सांगणारा, ओझं सांगणारा आजा, आणि घरच्या नातीला म्हातारी कासारीण समजून बसला! आजा मात्र हसला नाही. असं म्हणतात, त्याचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. त्याला बिरू धनगर आठवला होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी, रखमाजी अंमलदारीच्या ऐन भरात असताना, गावदेवी जानाईच्या डोक्यावरची चांदीची छत्री चोरीला गेली होती. देवळामागच्या मातीत धनगरी वहाणेचा माग मिळाला. टाचेच्या नालेचा एक तुकडा उडालेला. जमादारानं एका नजरेत सांगितलं, ही बिरूची वहाण. बिरू हातापाया पडून म्हणत होता, "जमादार, त्या दिशी माझ्या वहाणा देवळातनं गेल्या व्हत्या. म्या अनवाणी घरी गेलो. सकाळच्याला त्या पुन्ना पायरीवर घावल्या." जमादार हसला होता. "वहाणा एकट्याच फिरून आल्या व्हय रं?" तो हसला तसं गावही हसलं. मग भर बाजारातून, हात दोरीनं बांधून, त्यानं बिरूला नेलं.

छत्री कधीच मिळाली नाही. बिरूला सजा झाली. तो सुटून आला तेव्हा त्याची आई गेलेली होती. चोराची आई म्हणून पाणवठ्यावर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, ती तशीच न बोलता गेली. त्यानंतर बिरूनं गावात पाऊल टाकलं नाही. माळावर पाल ठोकून तो मेंढरांबरोबर राहिला.

आजा उठला आणि माळावर निघाला. गावातून नाही गेला, ओढ्याच्या अंगानं, कुणाला दिसणार नाही असा गेला. बिरू मेंढराची लोकर कातरत बसला होता. केस पार पांढरे झालेले. आजानं डोक्याचं पागोटं त्याच्या पायांशी ठेवलं.

"बिरू, माझं चुकलं. वहाण तुझी व्हती, पाय तुझा नव्हता."

बिरूनं कातर थांबवली नाही. "बांधलं बाजारात आन् सोडता माळावर व्हय? हितं कोण ऐकतंय? ही मेंढरं?"

आजाला एवढी लाज वाटली, की पागोटं उचलायचंही त्याला सुचेना. चोरासारखं ओढ्यानं आलो, हे त्याचं त्यालाच कळलं. जन्मभर दुसऱ्यांचे माग काढले, आणि आज स्वतःचा माग लपवत आलो.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो ठकूला म्हणाला, "आज बाजारात येऊ नगंस, पोरी." कारण सांगितलं नाही. सांगवलंच नाही त्याला. गावानं तोंडावर थुंकलं असतं तरी त्यानं सोसलं असतं, पण ठकूनं बघू नये एवढंच त्याला वाटत होतं. ठकू अर्थातच गेली.

आजा आला तो बोडक्या डोक्यानं, अनवाणी. स्वतःचे हात स्वतःच दातांनी गाठ मारून बांधलेले, दोरीचं टोक मागं मातीत फरफटत होतं. दर दुकानापुढं थांबून तो म्हणायचा, "ऐका रं. बिरू चोर न्हवं. त्यो खरं सांगत व्हता आन् म्या हसलो."

कुणी कुणाकडे बघेना. एक जण म्हणाला, "आजा, झालं गेलं, कशाला उकरता?" आजा पुढच्या दुकानाकडे वळला. बाजार गप्प आणि मधून एक म्हातारा एकटा चाललेला. ठकूचे डोळे भरून आले. तिलाही लाज वाटली, आजाची वाटली, आणि आपल्याला आजाची लाज वाटली याची त्याहून जास्त वाटली. तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, पुढं झाली आणि आजाच्या शेजारून चालू लागली.

तेव्हा बांगड्यांच्या दुकानातून कोंडाबाई कासारीण उठली. तिनंही चपला काढल्या. "म्या बघितला व्हता बिरूला," ती म्हणाली, "त्या दिशी अनवाणी जाताना. माझ्या दारावरनंच गेला. म्या बोलले न्हाई. जमादार सांगतोय म्हंजी खरंच असंल, म्हणलं." मग आणखी कुणी म्हणालं, मीही बघितला होता. मग आणखी कुणी. निम्म्या गावानं त्याला अनवाणी जाताना बघितलं होतं, आणि त्याला बांधून नेताना तेच निम्मं गाव हसलं होतं.

वेशीबाहेर बिरू उभा होता. कुणी निरोप दिला होता कोण जाणे. आजा त्याच्यापुढं उभा राहिला. बिरूनं दोरीची गाठ सोडली. मागं सगळं गाव चपला हातात घेऊन उभं होतं. बिरू गावाकडे बघून म्हणाला, "ह्यांची गाठ सोडली. तुमची म्या न्हाई सोडत." आणि माळावर निघून गेला.

असं म्हणतात, की आजाची पावलं बाजाराच्या मातीत तशीच राहिली. वारा सुटला, पाऊस झाला, बैल त्यांना वळसा घालून जाऊ लागले, पण ती पुसली नाहीत. शेजारी ठकूची लहान पावलं होती, तीही राहिली. आता तिथं फरशी घातली आहे, पण खाली ती असतील असं आम्ही मानतो. ठकू माझ्या पणजीची आई. तिच्याकडून ही गोष्ट आमच्या घरात आली.

आणि अजूनही निमसरीत देवळातून कुणाच्या चपला गेल्या, माणूस अनवाणी घरी निघाला, तर त्याला एकटं जाऊ देत नाहीत. जवळ जो असेल तो, ओळखीचा असो नसो, आपल्या चपला हातात घेतो आणि बरोबर चालतो. याला आजाची सोबत म्हणतात. पाहुण्यांना हसू येतं, येऊ द्या. त्याच्या दारात पोचलं, की सोबत आलेला माणूस शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणतो, "ह्यो अनवाणी आला. म्या बघितलं."