दोन बोटं मोठा

"मारू नको तर काय आरती ओवाळू त्याची?"

विरूपाक्ष दारातूनच कडाडला. चपला बाहेर काढायचंही त्याला भान नव्हतं.

मठाचे म्हातारे स्वामी, अज्जा, ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"हात उचललास?"

"उचलला. चार लोकांदेखत उचलला. एक बाळंतीण दरीत जाता जाता राहिली, अज्जा! आणि तुम्ही मला विचारताय, हात उचललास?"

अज्जांनी हातातली शेंग खाली ठेवली.

हा मठ कर्नाटकाच्या सीमेलगत डोंगरमाथ्यावर होता. मठाकडे एक जुनी जीप होती, आणि आसपासच्या वाड्यांना तेवढंच एक वाहन. कुणाला साप चावला, कुणाला कळा सुटल्या, की माणसं मठाकडे धावत यायची. कल्लाप्पा गाडी काढायचा आणि घाट उतरून तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचा.

बाकीचा सगळा कारभार विरूपाक्षाचा. लोक त्याला 'धाकटे अज्जा' म्हणत. पुढची गादी त्याचीच, असं कुणी बोललं नव्हतं. पण शंका कुणालाच नव्हती, त्याला तर मुळीच नाही.

गेल्या आठवड्यात जीपचं पुढचं डावं टायर दगडावर फाटलं. त्या मापाचं तालुक्यात मिळेना. विरूपाक्षानं ओळखीच्या एका ट्रकवाल्या भक्ताला शब्द टाकला आणि दुसऱ्या दिवशी नवंकोरं टायर मठात हजर. कल्लाप्पानं ते जुन्या टायरशेजारी उभं करून पाहिलं. चांगलं दोन बोटं उंच होतं.

"धाकटे अज्जा, बसंल हे. पण जुळायचं नाही," तो म्हणाला होता.

"जुळायला काय लग्न लावायचंय? नवं आहे, मोठं आहे, दणकट आहे. बसव."

सगळे हसले होते. कल्लाप्पानं टायर बसवलं.

नंतर तो पुन्हा आला. "गाडी उजवीकडं ओढती. ब्रेक मारला की जास्तच."

"मग धरून चालव. हातात जोर नाही काय?"

आणि आज सकाळी वाडीवरच्या गौरव्वाला कळा सुटल्या म्हणून गाडी निघाली. मागून विरूपाक्ष मोटारसायकलवर होता. वळणावर समोरून गुरं आली, कल्लाप्पानं ब्रेक दाबला, आणि जीप हिसका देऊन उजवीकडे गेली. उजवीकडे डोंगर होता म्हणून बरं. कडा घासत ती थांबली. स्टिअरिंगच्या फटक्यानं कल्लाप्पाचं मनगट मोडलं. आतून गौरव्वाची आई गळा काढून रडत होती. विरूपाक्ष धावत गेला, त्यानं दार उघडलं आणि कल्लाप्पाच्या कानशिलात दिली.

मागून आलेल्या टेम्पोनं सगळ्यांना दवाखान्यात नेलं. दुपारी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तोवर मोटारसायकल दुसऱ्याकडे देऊन विरूपाक्षानं जीप स्वतः मठात आणली होती.

"मी आणली ना वर?" तो आता म्हणत होता. "तीच गाडी, तेच टायर. घाटातून सरळ आणली. मग त्यालाच का जमत नाही? त्याला काढा, अज्जा. आजच्या आज."

"चल."

"कुठं?"

"दवाखान्यात. बाळ बघू, कल्लाप्पाला बघू."

"मोटारसायकल काढतो."

"गाडी काढ. तू चालव."

विरूपाक्षाला बरंच वाटलं. म्हाताऱ्याला डोळ्यांनीच दिसू दे.

जीप घाट उतरू लागली. चेपलेला पत्रा खडखडत होता. विरूपाक्षानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. ते सारखं उजवीकडे फिरू पाहत होतं आणि तो सारखा डावीकडे ओढत होता. खांद्यात आग पडली. तळहात घामानं निसटू लागले. पण तो ताठ बसला होता.

घाट संपला. पुढे सपाटीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ऊस. रस्ता पार लांबवर मोकळा होता.

"बघा अज्जा. सरळ चाललीय की नाही?"

"चाललीय."

"मग?"

"हात काढ."

"काय?"

"सरळ चाललीय ना? मग हात काढ."

विरूपाक्ष हसला. अज्जा हसले नाहीत.

"काढ."

त्यानं वेग कमी केला. पण हात काढले नाहीत. उलट मूठ आणखी घट्ट झाली...

"काढ म्हणतो ना!"

अज्जांचा असा आवाज त्यानं कधीच ऐकला नव्हता. तो दचकला. तेवढ्यात अज्जांनी त्याचा डावा हात मनगटाला धरला आणि स्टिअरिंगवरून खेचून काढला.

जीप उजवीकडे वळली. सगळा रस्ता तिरका ओलांडून कडेला गेली. विरूपाक्षानं ब्रेक दाबला तशी ती आणखीच वळली, आणि उसाची पहिली रांग आडवी करून थांबली.

"जीव घेताय का माझा?" विरूपाक्ष ओरडला. "वेड लागलंय का तुम्हाला?"

अज्जा समोरच्या मोडक्या उसाकडे बघत राहिले.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"गाडी ओढते ते. कधीपासून?" अज्जांनी विचारलं.

विरूपाक्षानं इंजिन चालू केलं, गाडी मागे घेतली, रस्त्यावर आणली. पण प्रश्न काही मागे पडला नाही.

टायर बसवलं त्याच संध्याकाळी तो एकटाच गाडी घेऊन बाजारात गेला होता. पहिल्याच वळणावर त्याला गाडीची उजवीकडची ओढ जाणवली होती. उतरून त्यानं टायरला लाथ मारून पाहिली होती. तेव्हाच परत फिरायचं त्याच्या मनात आलं होतं. पण टायर परत दिलं असतं तर कल्लाप्पाचं खरं ठरलं असतं. चार लोक हसले होते, ते त्याच्यावर उलटून हसले असते.

मग तो मठात आला आणि गप्प बसला.

आता गाडी चालवताना त्याला संताप आला. कल्लाप्पाचा आला, ट्रकवाल्याचा आला, शेजारी शांत बसलेल्या या म्हाताऱ्याचा तर सगळ्यात जास्त आला.

दवाखान्यात गौरव्वा झोपली होती. तिच्या आईनं बाळ अज्जांच्या पायाशी धरलं. अज्जांनी वाकून पाहिलं, आणि पलीकडच्या खोलीत गेले.

कल्लाप्पा खाटेवर होता. हात प्लास्टरमध्ये, बोटं सुजलेली. गाल अजून लाल होता. अज्जांना बघून तो उठायला लागला.

"पडून राहा," अज्जा म्हणाले. त्यांनी त्याच्या त्या गालावर आपला तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही. कल्लाप्पानं डोळे मिटून घेतले.

विरूपाक्ष दारात उभा होता. आपल्याला काय करायचंय हे त्याला कळत होतं. म्हणूनच त्याला जास्त राग येत होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. दगड भिरकावा तसे शब्द भिरकावले.

कल्लाप्पा गडबडला.

"छे छे, धाकटे अज्जा! तुमचं कसं चुकंल? माझाच हात सुटला. तुम्ही म्हणाला होता की, धरून चालव म्हणून..."

विरूपाक्षाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. किती हलकं वाटलं त्याला! तो पुढे झाला. कल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणालो होतो खरा," तो मायेनं म्हणाला. "असू दे. मी काही मनात धरत नाही. पुढच्या वेळी नीट धर म्हणजे झालं."

कल्लाप्पानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

अज्जा उठले.

त्यांनी काठी घेतली आणि बाहेर पडले. दवाखान्यासमोर जीप उभी होती. तिच्याकडे न पाहता ते रस्ता ओलांडून एसटी स्टँडच्या वाटेला लागले.

"अज्जा! गाडी इकडं आहे."

अज्जा चालत राहिले.

विरूपाक्ष मागे धावला. रस्त्यावरची माणसं बघू लागली. "अज्जा, लोक बघताहेत. शेवटची एसटीसुद्धा पायथ्यालाच सोडते. घाट चालत चढणार का तुम्ही?"

"चढीन."

"अहो, उद्याच टायर बदलतो! चारही एका मापाची घालतो. सावकाश नेतो तुम्हाला. भिऊ नका, चला, बसा गाडीत."

अज्जा थांबले. वळले. त्यांच्या काठीवरची बोटं रागानं पांढरी पडली होती.

"गाडीला कोण भितंय?"