काठाकडे पोहणारा मासा

फार पूर्वी, लाकडालाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. बुधाजी कोळ्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मासा कोरला, घासून गुळगुळीत केला, चंदेरी रंगवला, डोळे काढले आणि शेवटी पोटाखाली गळ अडकवून दोरीने डोहात सोडला. तो त्याला काठाकडे ओढून घेई आणि पुन्हा सोडी.

"मी तुमच्यातलाच," लाकडी मासा म्हणाला. "माझ्यामागून या, तिकडे खायला भरपूर आहे."

डोहातल्या मरळ मासळीची भुकेली लेक त्याच्यामागे निघालीच, तशी तिची आई आडवी आली.

"पोटाखाली काय लोंबतंय रे?"

"दागिना आहे, मावशी."

"आमच्यातलाच ना तू? मग दर खेपेला काठाकडेच कसा पोहतोस?"

तेवढ्यात दोरी ओढली गेली आणि लाकडी मासा काठाकडे निघाला. ते पाहून लेक आईच्याही आधी खोल पाण्यात शिरली.