घोड्याआडचा वजीर

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता, आणि त्या राज्यात राजापेक्षा वजिराचाच जयजयकार मोठा होता. तळे बांधवले राजाने. पाणी पिऊन लोक नाव घेत धर्मकेतू वजिराचे. राजा हसून ऐके आणि आतून जळे.

असले जळणे लपत नाही. कालजिव्ह जादूगाराने ते हेरले. त्याने मूठभर राख फुंकली आणि सारा दरबार दगडाचा होऊन बुद्धिबळाच्या भल्यामोठ्या पटावर उभा राहिला. राजाच्या घरात शार्दूलसेन तेवढा जिवंत होता.

"तीन डाव," जादूगार म्हणाला. "एक जिंकलास तर शाप सुटायची वाट उघडेल. तिन्ही हरलास तर वजिराचा चुरा होईल."

पहिल्या डावात जादूगाराचा उंट लवकरच तिरपा धावत आला आणि राजाच्या घोड्यावर नजर रोखून बसला. घोड्यामागे त्याच रेषेत वजीर. घोडा हलला की वजीर उघडा पडणार, हे राजाला स्वच्छ दिसत होते. त्याने घोडा हलवला. वजीर गेला, डाव गेला, आणि दगडी वजिराच्या खांद्याला तडा पडला. राजाला वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर आधी बरे वाटले.

दुसऱ्या डावात उंट पुन्हा तिथेच आला. आता आपणच लढावे, लोकांनी एकदा तरी आपले नाव घ्यावे, म्हणून राजा स्वतः पुढे सरसावला. उघड्यावर आलेल्या राजाला मात व्हायला कितीसा वेळ? तडा वजिराच्या छातीपर्यंत उतरला.

पटाच्या कडेला एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "महाराज, उंट शत्रूचा आहे. तुम्ही डोळे वटारता ते वजिरावर."

राजाने मान खाली घातली. तळ्याच्या भिंतीचा पहिला दगड वजिराने स्वतः डोक्यावर वाहून आणला होता, हे त्याला आठवले.

तिसऱ्या डावात उंट आला, तेव्हा राजाने कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवून त्याच्या अंगावर घातले. उंट मागे हटला. दुसरे प्यादे पुढे आले. उंट आणखी हटला. तो पळत होता तोवर राजाचे घोडे, हत्ती मोकळे झाले. शेवटी वजीर पुढे गेला आणि त्याने जादूगाराच्या राजावर मात केली.

पण दगड दगडच राहिले. "वाट उघडली," जादूगार हसला. "चालायचे तुला आहे."

डाव पाहायला पटाभोवती जमलेले नगरातले लोक विचारत होते, हा जय कोणाचा? 'माझा' हा शब्द राजाच्या ओठांवर आला होता. तो गिळून राजा म्हणाला, "वजिराचा."

वजिराच्या छातीतला तडा बुजला. दरबार हलला, आणि जादूगाराची राख झाली.

आजही त्या तळ्यावर लोक वजिराचेच नाव घेतात. राजाही तिथेच पाणी पितो आणि तेच नाव घेतो. घेताना त्याला अजून थोडा ठसका लागतो, एवढेच.